झाली सात, राहिली चार

"अर्धा तास थांबायचं हां आजी. लगेच उठून जायचं नाही," असं सांगून सिस्टरनी माझ्या नातीच्या मांडीवर कापसाचा बोळा ठेवला, माझं बोट त्यावर दाबून धरायला लावलं आणि त्या पुढच्या बाळाकडे वळल्या. नात अजून रडली नव्हती. रडण्याआधी लहान मूल जो श्वास आत ओढतं तो इतका लांबतो, की मोठ्या माणसाचाच जीव वरखाली होतो. मग ती रडली. ओसरीवरची आणखी पाच-सहा बाळं, ज्यांना अजून काहीच टोचलेलं नव्हतं, तीही तिच्या जोडीने सुरू झाली.

बदलापूरच्या बेलवलीतल्या एका समाजमंदिराची ही ओसरी. नुकती एक सर येऊन गेलेली, पायऱ्यांवर चिखलाच्या चपलांचा ढीग. टेबलावर लशींचा निळा डबा, शेजारी सुया तोडायचं यंत्र, खाली लाल आणि काळी पिशवी. वरच्या कडीला काटा टांगलेला आणि काट्याला कापडी झोळी. आशाताई यादीवरून नावं पुकारत होती. पुकारत होती ती आयांची नावं. बाळांच्या कार्डांवर 'बेबी ऑफ' एवढंच, बारशाची बातमी अजून सरकारपर्यंत पोचायची असते. आयाही सगळ्या परीच्या. दोघी-तिघी जुन्या गावातल्या, काही नव्या टॉवरमधल्या, आणि काही त्या टॉवरच्या मागे जो आणखी एक टॉवर उभा राहतोय तिथल्या पत्र्याच्या खोल्यांतून आलेल्या. जिथे हे टॉवर आहेत तिथे भाताची खाचरं होती, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पण ते सांगायला लागलं की लेक म्हणते, "आई, पुरे."

लेकीला रात्रभर जागरण झालं होतं, म्हणून साडेतीन महिन्यांच्या डोसाला नातीला मीच आणलं. सुईच्या आधी वजन झालं. झोळीत घातल्यावर ती पाय आवळून, मुठी मिटून, बाजारातल्या भाजीसारखी निमूट लटकली. काटा थरथरला, थांबला, आणि सिस्टर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पाच किलो सहाशे! छान!" माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या मावशींनी लगेच तोंडावर पदर घेतला. "मोठ्यानं कशाला बोलते बाय," त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या. "पोराला कोणी तोलतं का? घरी गेलीस की मीठ-मोहऱ्या उतरव."

उतरवते म्हटलं. खरं सांगायचं तर उतरवणारही होते.

माझ्या सासूबाई याच मताच्या. मूल तोलू नये, मापू नये, किती दूध प्यालं ते मोजू नये, झोपलेल्याचं कौतुक करू नये. त्या निरक्षर होत्या आणि आकड्यांशी त्यांचं वाकडंच होतं. भाताची मापं बोटांच्या पेरांवर चुकत नसत, ती गोष्ट वेगळी. पण एक हिशेब मात्र त्या कुणीही, कधीही विचारला तरी एका दमात सांगायच्या: "झाली सात, राहिली चार." त्यांच्या वयाच्या सगळ्याच बायका असं सांगत. नऊ झाली, पाच राहिली. पाच झाली, देवाच्या दयेने पाचही राहिली. लग्न होऊन मी बेलवलीत आले, तेव्हा ओटीवर जमलेल्या बायकांची ओळख मला अशीच करून दिली गेली, नाव आणि त्यामागे हे दोन आकडे. या वाक्यात मरण हा शब्द नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. झाली आणि राहिली. मधली तीन कुठे गेली हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

मला ते वाक्य इतकं लागण्याचं कारण म्हणजे माझी नोकरी. तीस वर्षं मी जन्म-मृत्यूच्या नोंदी सांभाळल्या. बदलापूरहून सकाळची लोकल, दिवसभर रजिस्टरं, संध्याकाळी परत. आमच्या धंद्यात बालमृत्यूचा दर काढायची रीत तशी सोपी. एक आडवी रेघ ओढायची. रेघेच्या वर, त्या वर्षी त्या गावात वयाचं एक वर्ष पुरं व्हायच्या आत गेलेली मुलं. रेघेखाली, त्याच वर्षी त्याच गावात जन्मलेली. गुणिले हजार. एकदा, नवीन नवीन हुशारीच्या भरात, मी सासूबाईंचा दर काढायला बसले. तर तिघांतली एक मुलगी दोन वर्षांची होऊन गेलेली निघाली. "मग ती यात धरायची नाही, आई," मी म्हटलं. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या. "का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी वही मिटली.

नात आता माझ्या खांद्यावर हुंदके देत होती. मांडीवरचा बोळा गळून पडला होता, टोचल्याच्या जागी रक्ताचा तीळभर ठिपका.

सासूबाईंच्या दंडावर देवीचे व्रण होते. रुपयाएवढे, वळ्या पडलेले. त्यांच्या आईने त्यांना भाताच्या कणगीमागे लपवलं होतं आणि तरीही देवी डॉक्टरने शोधून काढलं, ही गोष्ट त्या रंगवून सांगत. देवी डॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हेच. सरकारी लस टोचणारा. पण गावाने त्याला जे नाव दिलं त्याची गंमत बघा. रोगाचं नाव देवी, आणि तो हटवायला आलेल्याचंही नाव देवीच. थंडी पडली की तो यायचा, पोलीस पाटलाला हाताशी धरून घरं हुडकायचा, दंडावर पातं गोल फिरवायचा आणि आठवड्याने फुललं की नाही ते बघायला पुन्हा यायचा. टोचणी आपल्याकडे जुनी. युरोपातून आलेली लस हिंदुस्थानात पहिल्यांदा लागली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे कितीतरी वर्षं एका मुलाच्या फोडातली लस दुसऱ्या मुलाच्या दंडात, असा हा प्रसाद हातोहात गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात व्हॅक्सिन डेपो उभा राहिला आणि वासरांच्या अंगावर तयार केलेली लस तिथून नळ्यांतून येऊ लागली.

म्हणजे सरकारचा माणूस लहान मुलाच्या दारात यायचा, पण साथीच्या भीतीने. दंडापुरता यायचा. त्या दंडाला जोडलेलं मूल काय खातं, किती वाढलं, रात्री झोपतं की नाही, हे विचारायचं त्याला कारण नव्हतं.

आजारी नसलेलं मूल डॉक्टरकडे न्यायचं, ही कल्पना आज आपल्या अंगवळणी पडली आहे. पण मुळात ती विचित्रच. देवळात न्यावं, मामाकडे न्यावं. धडधाकट पोर दवाखान्यात कशाला? पॅरिसमध्ये पिएर ब्युदां नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांनी १८९२ साली आपल्या इस्पितळात जन्मलेल्या बाळांना घरी गेल्यावरही दर आठवड्याला परत आणायला सांगितलं. आणायचं, तोलायचं, लिहून ठेवायचं. दोनच वर्षांनी फेकाँ या मच्छीमारांच्या गावात लेओं द्युफूर यांनी 'दुधाचा थेंब' अशा अर्थाच्या नावाचं केंद्र काढलं. अंगावरचं दूध पाजणाऱ्या आयांना तिथे प्रोत्साहन असे, आणि ज्यांना ते जमत नसे त्यांना निर्जंतुक केलेल्या दुधाच्या बाटल्या मिळत. मग १९०७ला लंडनच्या सेंट पॅनक्रास भागात आयांची शाळा निघाली, १९०८ला न्यूयॉर्कने फक्त बालआरोग्यासाठी वेगळं खातं उघडलं आणि ते सारा जोसेफाइन बेकर या डॉक्टरबाईंच्या हाती दिलं. हे सगळं निव्वळ ममतेपोटी झालं असं मला वाटत नाही. बोअर युद्धाच्या भरतीला आलेले तरुण छातीने अरुंद आणि पायांनी वाकडे निघाले, तेव्हा इंग्लंडला आपल्या पाळण्यांची आठवण झाली. फ्रान्सला जर्मनीपेक्षा आपली लोकसंख्या मागे पडते याची धास्ती होती. काटा आला तो असा, पलटणीच्या मागोमाग. तरीही आला हे बरं झालं. कारण बाळ काही विचारत नाही, मला कशासाठी तोलता म्हणून.

मुंबईत हा काटा आला प्लेगच्या मागोमाग. १८९६च्या प्लेगने शहराची अशी दाणादाण उडवली की पुढची पंचवीस वर्षं आरोग्य खात्याला गटारं, उंदीर आणि चाळी यांच्यापलीकडे बघायला उसंत नव्हती. तरी डॉक्टर टर्नर या आरोग्याधिकाऱ्यांच्या काळात घरोघर फिरणाऱ्या नर्सबाई, गरिबांसाठी प्रसूतिगृहं असं काही काही सुरू झालं होतं. पुढे १९२०च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या पुढाकाराने बालकल्याणाची संस्था उभी राहिली आणि गिरणगावात तिची केंद्रं निघाली. बाळाला अंघोळ कशी घालावी याचं तिथे प्रात्यक्षिक असे. ते वाचून मला हसू आलं होतं. आपल्याकडे पायांवर पालथं घालून, तेल चोळून, टाळू भरून, शेगडीवर ओव्याची धुरी देऊन न्हाऊ घालणाऱ्या बायकांसमोर कुणी टेबलावर घंगाळ ठेवून अंघोळीचा पाठ देत असेल, आणि त्या पदराआड एकमेकींना कोपरखळ्या मारत असतील. १९२४ साली तर देशभर 'बेबी वीक' साजरा झाला. सुदृढ बालकांच्या स्पर्धा, जादूच्या दिव्याची चित्रं, भाषणं, बक्षिसं. बक्षीस मिळालेलं गुटगुटीत बाळ घरी नेऊन किती आयांनी त्याची दृष्ट काढली असेल!

पण हसून झाल्यावर १९२१चा आकडा समोर येतो. त्या वर्षी मुंबईत हजारी साडेसहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हजारातली साडेसहाशे. सासूबाईंच्या भाषेत, झाली तीन, राहिलं एक. आरोग्य खात्याने तोच आकडा खोल्यांप्रमाणे फोडून दाखवला होता. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजारी ८२८. दोन खोल्या असल्या की ३२१. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. दर असा एकेका भिंतीगणिक उतरत गेलेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कपाटांच्या मधल्या बोळात उभी होते आणि खाली बसले. आयांचं अज्ञान हेच बालमृत्यूचं कारण, असं त्या काळचे अहवाल पुन्हा पुन्हा सांगतात. मग आईचं अज्ञान खोल्यांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त होतं की काय?

आणि बाळगोळी. गिरणीत जाणाऱ्या बायकांची पाहणी करायला सरकारने डॉक्टर बार्न्स या बाईंना नेमलं होतं. त्यांना १९२२च्या सुमारास असं आढळलं की या बायकांच्या शंभरातल्या ९८ मुलांना अफू दिली जाते. आई दहा तास गिरणीत, बाळ खोलीत म्हाताऱ्या शेजारणीपाशी किंवा मोठ्या बहिणीपाशी, आणि मोठी बहीण म्हणजे सहा वर्षांची. मूल झोपून राहिलं तरच घर चालणार. म्हणून गोळी. झोपलेलं मूल भुकेने रडत नाही, रडत नाही म्हणून पाजलं जात नाही, आणि एक दिवस ते झोपेतून उठतही नाही. अहवालाची भाषा कोरडी असते. कोरडी आहे तेच बरं.

एकदा आवणीच्या दिवसांत सासूबाईंच्या समोर मी हे बोलून गेले. बाहेर पाऊस लागला होता, त्या चुलीशी बसून सुकट भाजत होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग चुलीकडे बघत म्हणाल्या, "शेतावर झाडाला झोळी बांधायची. पाऊस, मच्छर, चिखल. पोर ओरडलं तर मालक ओरडायचा. आम्ही पन देत होतो. खसखशीच्या दान्याएवढं." मग सुकटीवर पाणी मारून त्यांनी ती खाली उतरवली. तीनपैकी कोण, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. लेक झाल्यावर तिच्यासाठी मी बाळघुटी उगाळायला बसले की मात्र त्या उठून यायच्या आणि सहाणेवरचे वळसे डोळ्यांत तेल घालून मोजायच्या. हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ. जायफळाचा वळसा एकच. दुसरा मारू द्यायच्या नाहीत.

गिरणीतल्या बाईला काय हवं होतं ते अंघोळीच्या पाठात नव्हतंच. तिला हवे होते घरी बसायला मिळतील असे काही आठवडे, उपाशी न राहता. जुलै १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकावर चर्चा झाली आणि डॉक्टर आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणं हे अवघ्या समाजाच्या हिताचं, म्हणून तो भार मुख्यतः सरकारने उचलावा; पण जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्यालाही मोकळं सोडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. १९२९ला कायदा झाला. देशातला तसा पहिलाच. त्याच वर्षी परळला बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय उघडलं. वाडिया प्रसूतिगृह त्याआधी तीन वर्षांचं. आज माझी लेक २६ आठवड्यांची रजा घेऊन घरात घोरत पडली आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही.

शेजारच्या खोलीत अंगणवाडी भरली होती. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, पण तो रुजला आमच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची असं ठरवलं. तिथेही आधी पोरांना न्हाऊमाखू घालावं लागे, मग अक्षरं. भिंतीपलीकडून आता कुणी तरी 'एक, दोन, तीन' शिकवत होतं आणि पोरं 'तीन'वर इतकी जोरात ओरडत होती की पत्र्यावरच्या कावळ्याने जागा बदलली.

रुळांवरून एक गाडी धडधडत गेली. बेलवलीत राहणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही. ती थांबली तरच कान टवकारतात. हा रूळमार्ग १८५६ साली कल्याणहून घाटाच्या पायथ्यापर्यंत आला आणि १८६३ला बोरघाट चढून गेला. मला त्या हजारी साडेसहाशेचं कोडं सुटलं ते याच रुळांमुळे.

१९२१चा तो आकडा खोटा नव्हता, पण खराही नव्हता. गिरणीतली बाई दिवस भरत आले की माहेरी जायची. रत्नागिरीची असली तर बोटीने, पुण्या-साताऱ्याकडची असली तर याच गाडीने, इथूनच, बेलवलीच्या खाचरांना वळसा घालून. तिकडे बाळ व्हायचं. गावच्या वहीत पाटील 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच लिहायचा. दोन-चार महिन्यांनी कडेवर मूल घेऊन ती परत यायची, कारण नोकरी तशी थांबत नसते. आणि मग त्या एका खोलीत ते जायचं. आता मांडा हिशेब. मृत्यू मुंबईत, म्हणून रेघेच्या वर एक. जन्म गावी, म्हणून मुंबईच्या रेघेखाली शून्य. शहराने असं मूल पुरलं जे शहरात कधी जन्मलंच नव्हतं. जाणकारांना हा घोळ तेव्हाही कळत होता, त्यांनी तसं लिहूनही ठेवलं आहे. पण मला रुतून बसतं ते दुसरं टोक. गावच्या वहीत त्या बाळाच्या जन्माची ओळ आहे, मृत्यूची नाही. त्या वहीपुरतं ते अजून जिवंत आहे. शंभर वर्षांचं झालं असेल.

आणि ज्यांची कुठेच ओळ नाही, त्यांची? ती मला नावांत सापडायची. जुन्या रजिस्टरांत धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरड्या. नाकात बाळी घातलेला मुलगा म्हणजे नथू. आपल्याकडे लेकराला असं नाव कुणी हौसेने ठेवत नाही. आधीची गेली की पुढच्याला दगड म्हणायचं, केर म्हणायचं, भीक मागून आणलंय म्हणायचं, मृत्यूने नाक मुरडून पुढच्या घरी जावं म्हणून. प्रत्येक धोंडूच्या मागे एक-दोन बिननावाची उभी असतात. साहेब लोकांचा काटा यायच्या कितीतरी आधीपासून आया त्यांच्या नोंदी अशा ठेवत होत्या. माझे मोठे दीर केरू. सात झालेल्यांत तिसरे, राहिलेल्यांत पहिले.

"बेबी ऑफ..." आशाताई अडखळली. "कार्ड कुठंय तुमचं?"

"गावी ऱ्हायलं," समोरची मुलगी म्हणाली. मुलगीच ती, विशीची. साडीच्या वरून नवऱ्याचा शर्ट, शर्टावर सिमेंटचे वाळलेले ठिपके, परभणीकडची बोली. कडेवर मुलगा.

"गाव कुठलं? तिकडे कोणते डोस झाले?"

"दोन झाले. का तीन. सासूनं नेलं हुतं."

"जन्मतारीख?"

"पोळा झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

सिस्टरनी मोबाइलवर मागल्या वर्षीचा पोळा शोधला. त्याही बहुधा ही पंचांगं उलगडायला सरावलेल्या. "दहा महिने झाले की गं. गोवराचाही राहिला. किती महिने झाले इकडे येऊन?"

"संक्रांतीपसनं. साइट संपली की जायाचं."

कुणी तिला रागावलं नाही. सिस्टरनी ड्रॉवरमधून कोरं कार्ड काढलं आणि लिहायला लागल्या. माझा अर्धा तास होऊन गेला होता. नात मांडीवर झोपली होती, अंग किंचित गरम लागत होतं, तापाचं औषध घरी होतं. जायला हरकत नव्हती. पण तीस वर्षांची सवय. मी मान उंच करून बघत राहिले, जन्मस्थळाच्या रकान्यात त्या काय लिहितात ते. गावाचं नाव लिहिलं. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं: बेलवली, बांधकाम साइट.

"चला, वजन करू या."

मुलगा झोळीत जायला तयार नव्हता. आईचा शर्ट त्याने दोन्ही मुठींनी धरून ठेवला होता. शेजारच्या मावशी उठल्या, त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि तोंडाने टकटक आवाज काढत त्याला झोळीत बसवलं. मघाशी पोराला कोणी तोलतं का म्हणणाऱ्या त्याच. तो लटकला, घाबरला आणि समोर जे दिसलं ते त्याने पकडलं. ते माझं बोट होतं. मीही नकळत दुसरा तळवा झोळीच्या खाली नेला. एवढंसं ओझं. नात साडेतीन महिन्यांची, आणि हातांना जाणवणारा फरक जेमतेम मूठभर.

आई काट्याकडे बघत होती. "किती भरला?"

सिस्टर चष्म्यातून वर बघत होत्या. काटा पाचच्या आसपास डुगडुगत होता, वर जायचा, पुन्हा खाली यायचा.

"आजी," त्या म्हणाल्या, "झोळीखालचा हात जरा काढता का? आकडा चुकतोय."

मी हात काढला. काटा सहाच्या पुढे जाऊन थांबला, आणि या वेळी सिस्टर तो आकडा मोठ्याने बोलल्या नाहीत. त्यांनी तो लिहिला.